सात महिने, एक गढूळ बीकर आणि "थिअरीला जाऊ का?"

पत्र लांब आहे म्हणून थोडक्यात देते. पत्र लिहिणाऱ्या मुलीचं एमएससी फिजिक्स झालंय, पीएचडीसाठी तीन ग्रुपमधून होकार आलाय. एक थिअरीचा, म्हणजे पॉलिमरच्या (त्याच त्या कड्या जोडून बनलेल्या लांबलचक रेणूंच्या) साखळ्यांचं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, कागद आणि कॉम्प्युटर. दुसरा पॉलिमर केमिस्ट्रीचा, तिसरा क्रिस्टल ग्रोथचा. पंधरा दिवसांत कळवायचंय. एमएससीच्या प्रोजेक्टला सात महिने तिने केडीपीचे, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे क्रिस्टल वाढवायचा प्रयत्न केला, द्रावणात पीइजी 6000 (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारं एक पॉलिमर) घातलं कारण सीनियर म्हणाला की त्याने न्यूक्लिएशन, म्हणजे नव्या क्रिस्टलची बीजं पडणं, आवरतं, आणि हाती आली फक्त पूड आणि गढूळ पाणी. मैत्रीण म्हणते फिजिक्स करून केमिस्ट्रीत जाणं म्हणजे उतरणं, आई म्हणते थिअरीवाल्यांना नोकऱ्या नसतात, आणि ती स्वतः म्हणते, "ताई, माझ्या हाताला यशच नाही, मी सरळ थिअरीला जाऊ का?" सही केलीय "गढूळ".

अगं गढूळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. थिअरीबद्दल तू साडेतीन ओळी लिहिल्यात, त्यातही "तिथे निदान काही फुटत नाही" हे एक वाक्य. पॉलिमर ग्रुपबद्दल सहा ओळी. आणि त्या फसलेल्या बीकरबद्दल दीड पान! रंग कसा होता, किती वाजता काय दिसलं, झाकणाखाली थेंब कसे जमले, सगळं. जिला त्या कामातून पळून जायचंय ती असं लिहीत नाही गं, पळणारा माणूस "एक्सपेरिमेंट फेल गेला" एवढं लिहून मोकळा होतो. पण ते नंतर बोलू, आधी त्या दीड पानाबद्दल बोलायचंय मला, कारण त्यात तू तीन गोष्टी लिहून गेलीस आणि तिन्ही तक्रार म्हणून लिहिल्यास.

पहिली: "द्रावण गरम असताना जास्त गढूळ आणि गार झाल्यावर उलट जरा स्वच्छ, सगळंच उलटं." दुसरी: "थोडा वेळ ठेवलं की वर एक थर आणि खाली एक थर दिसायचा, म्हणून मी दर वेळी नीट हलवून घ्यायचे." तिसरी: "वरच्या भागातला एक थेंब स्लाइडवर वाळवून बघितला तर पोलरायझिंग मायक्रोस्कोपमध्ये केडीपी नाहीच, गोल गोल डाग आणि प्रत्येकात काळी फुली, म्हणजे काच पण घाण."

काच घाण नव्हती. मला इथे बसून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण सात महिन्यांत एकाही माणसाने तुझ्या खांद्यावरून त्या स्लाइडकडे बघितलं नाही असं दिसतंय.

एक एक घेऊ. केडीपी गरम पाण्यात जास्त विरघळतं, 50 डिग्रीला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 40 ग्रॅम, 25 डिग्रीला 25 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे न विरघळलेलं मीठ हे गढूळपणाचं कारण असतं तर गरम केल्यावर द्रावण स्वच्छ व्हायला हवं होतं. तुझं उलटं झालं. उलटं वागतं कोण? पीइजी. ही साखळी पाण्यात विरघळते ती तिच्यातल्या ऑक्सिजनला पाण्याचे रेणू हायड्रोजन बाँडने धरून ठेवतात म्हणून, आणि तापमान वाढवलं की हे धरणं सुटत जातं, साखळ्या पाण्यापेक्षा एकमेकींजवळ राहणं पसंत करतात. नुसत्या पाण्यात हे व्हायला 100 डिग्रीच्या वर जावं लागतं, पण त्यात फॉस्फेट घातलं की ते मीठ पाणी स्वतःकडे ओढतं आणि तोच प्रकार खूप खालच्या तापमानाला व्हायला लागतो. पीइजी आणि फॉस्फेट यांचं पाण्यात पटत नाही ही काही नवी गोष्ट नाही, 1950 च्या दशकात अल्बर्टसन नावाच्या स्वीडिश बायोकेमिस्टने याच भांडणाचा उपयोग करून प्रोटीन आणि पेशींचे भाग वेगळे करायची पद्धत काढली, पाण्याचेच दोन थर, वर पीइजीवालं पाणी आणि खाली मिठाचं पाणी. तेच तुझे दोन थर. आणि तू ते दर वेळी नीट हलवून घ्यायचीस.

आता हे मी बीकर न बघता, पत्रावरून म्हणतेय, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. एक दुपार लागेल. गढूळ असतानाच एक थेंब घे, दोन काचांमध्ये दाब, मायक्रोस्कोपखाली ठेव आणि दोन पोलरायझर (प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारे फिल्टर) एकमेकांना आडवे कर. गढूळपणा केडीपीच्या बारीक कणांचा असेल तर ते कण काळ्या पार्श्वभूमीवर चमकतील, कारण केडीपी टेट्रागोनल आहे, म्हणजे त्याची रचना सगळ्या दिशांना सारखी नाही, आणि पोलराइज्ड प्रकाशाशी खेळतं. गढूळपणा द्रवाच्या थेंबांचा असेल तर सगळा काळोख राहील, आणि पोलरायझर काढलास की गोल, गुळगुळीत, एकमेकांत मिसळणारे थेंब दिसतील. कडा असलेलं काही दिसलं तर मी चुकले. नाही दिसलं तर तू सात महिने क्रिस्टल ग्रोथ करतच नव्हतीस, तू फेज सेपरेशन, म्हणजे एका द्रावणाचे दोन द्रव, करत होतीस, आणि दोन द्रवांच्या मध्ये क्रिस्टलने कुठे वाढायचं हे बिचाऱ्याला कळत नव्हतं.

काळी फुली तर त्याहून सरळ आहे. वरच्या थरातला थेंब, म्हणजे पीइजीने भरलेला, तो वाळला आणि पीइजी स्वतःच क्रिस्टल झालं. पॉलिमर असं करताना मधल्या एका बिंदूपासून चहूबाजूंना पात्यांसारख्या पट्ट्या काढत जातं, गोल तयार होतो, त्याला स्फेरुलाइट म्हणतात, आणि आडव्या पोलरायझरमध्ये त्यात काळी फुली दिसते, तिला माल्टीज क्रॉस म्हणतात. पॉलिमर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे चित्र दाखवतात. तुला ते कोणी दाखवलं नाही, तू ते स्वतः बनवलंस, आणि स्पिरिटने पुसून टाकलंस.

अजून मजा ऐक. तुझं पीइजी 6000, म्हणजे एका साखळीत साधारण 136 कड्या. क्रिस्टलमध्ये ती ताठ उभी राहिली तर लांबी होते 38 नॅनोमीटरच्या आसपास. वाढताना ती कधी ताठ राहते, कधी मधोमध एक घडी घालते आणि निम्म्या जाडीची पट्टी होते, कधी दोन घड्या, ते तापमानावर ठरतं. पण दीड घडी नाही. घड्या पूर्णांकातच. कोवाक्सने 1970 च्या दशकात याच पॉलिमरचे कमी लांबीचे नमुने घेऊन हे फार सुंदर दाखवलं, क्रिस्टलच्या वाढीचा वेग तापमानाबरोबर संथपणे बदलत जातो आणि मध्येच गुडघा वाकवल्यासारखा मोडतो, तो मोड म्हणजे साखळीने घडीची संख्या बदलली ती जागा. हे सगळं तुझ्या पुसलेल्या स्लाइडवर होतं. असो.

पूड का आली तेही सांगते, ते चटकन होईल. तू 50 डिग्रीवरून रात्रीत रूम टेंपरेचरला आणलंस. द्रावण इतकं सुपरसॅच्युरेट झालं, म्हणजे त्यात मावतं त्यापेक्षा इतकं जास्त मीठ राहिलं, की एक नाही, हजारो न्यूक्लिअस एकदम पडले आणि सगळ्यांनी मिळून माल वाटून घेतला. न्यूक्लिअस बनायची अडचण सुपरसॅच्युरेशनच्या लॉगच्या वर्गाने कमी होते आणि वेग त्या अडचणीच्या घातांकात असतो, म्हणून थोडं जास्त म्हणजे थोडं जास्त नसतं, काहीच नाही काहीच नाही आणि मग एकदम पाऊस. चांगला सीड, म्हणजे सुरुवातीचा छोटा क्रिस्टल, दोऱ्याला बांधायचा, द्रावण आधी सॅच्युरेशनच्या चांगलं वर तापवून गाळून घ्यायचं म्हणजे उरलेसुरले कण मरतात, सीड टाकताना परत सॅच्युरेशनच्या जवळ आणायचं नाहीतर तो पण विरघळतो, आणि मग दिवसाला डिग्रीच्या काही दशांशाने उतरायचं आणि झाकण उघडून बघायचं नाही. लेझर फ्यूजनच्या यंत्रांसाठी याच केडीपीचे शेकडो किलोचे क्रिस्टल वाढवतात, जुन्या पद्धतीने एकेकाला दोन वर्षांच्या आसपास जायची, आता शुद्धता, गाळणं, तापवून घेणं आणि सीड यांच्यावर पकड बसवून दोनेक महिन्यांत होतात. आणि पीइजी घालू नकोस. निदान एवढं नको.

तर "हाताला यश नाही" हे वाक्य आपण इथे खोडू. हात बरोबर होता, डोळाही बरोबर होता, वहीत जे दिसलं ते खरं लिहिलंस, चुकीचं तापमान लिहून गाईडला खूष केलं नाहीस, हे फार थोड्या लोकांना पहिल्या वर्षी जमतं. फक्त काय दिसतंय त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता थिअरी. तिथे काही फुटत नाही हे अर्धसत्य आहे. मी एक वर्ष थिअरी केली होती, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, कारण माझाही एक क्रिस्टल बुडाला होता (सांगते पुढे) आणि मलाही वाटलं होतं की कागद स्वच्छ असतो. त्या वर्षातले चार महिने माझे एका वजाच्या चिन्हात गेले. चार महिने! आणि फरक कळतोय का, बीकर गढूळ झाला तर तुला निदान दिसतो गढूळ झालेला, गणित गढूळ झालं तर ते दिसायला अगदी छान, सुबक, सगळी इंटिग्रल सुटलेली, आणि उत्तर साफ चुकीचं. आपण चुकलोय हे स्वतःच स्वतःला सांगावं लागतं, दुसरं कोणी सांगत नाही. ज्यांना ते आवडतं त्यांना ते फार आवडतं. मला नाही जमलं.

आणि थिअरी म्हणजे शुद्ध, काटेकोर, ही पण समजूत काढून टाक. पॉलिमरमधलं सगळ्यात गाजलेलं गणित घे. साखळीची प्रत्येक कडी कुठल्याही दिशेला वळू शकते असं धरलं तर 10,000 कड्यांचा गुंडाळा साधारण 100 कड्यांएवढा मोठा असतो, दारुड्याच्या चालीसारखं, वर्गमूळ. पण खरी साखळी स्वतःमधून आरपार जाऊ शकत नाही, त्यामुळे ती फुगते. किती फुगते? फ्लोरीने 1949 च्या सुमारास एका बाजूला कड्यांची ढकलाढकली धरली, दुसऱ्या बाजूला साखळीचा ताण धरला, दोघांचा तोल काढला आणि वर्गमूळात जो घातांक 1/2 असतो तो आला 3/5. म्हणजे 100 च्या जागी 250. आज कॉम्प्युटरवर आणि भारी भारी गणिताने तो घातांक 0.588 येतो, म्हणजे 225. पाव पानाच्या गणितासाठी हे अद्भुत आहे ना? पण गंमत अशी की फ्लोरीने ढकलाढकली पण जास्त धरलीय आणि ताण पण जास्त धरलाय, दोन्ही चुका आहेत, आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात. तो तोल थोडा "सुधारायला" गेलं की उत्तर बिघडतं. मग 1972 साली द जेन्सने दाखवलं की ही साखळी म्हणजे एका प्रकारचं चुंबकच आहे ज्याच्या स्पिनला, म्हणजे प्रत्येक अणूच्या इवल्या चुंबकसुईला, शून्य घटक असतात. शून्य! असं चुंबक जगात कुठे नसतं, पण गणित चालतं, आणि चुंबकांसाठी तयार असलेली सगळी हत्यारं एका फटक्यात पॉलिमरला लागू झाली. हे वाचून तुझ्या पोटात काहीतरी हललं असेल, आता हे कागदावर करून बघितल्याशिवाय जेवण जाणार नाही असं वाटलं असेल, तर थिअरीला जा, माझी परवानगी नको आणि आईचीही नको. पण "तिथे फुटत नाही" म्हणून जाणार असशील तर दीड वर्षाने तू मला अजून एक पत्र लिहिशील आणि त्याखाली सही असेल "वजा".

मैत्रिणीला मात्र माझा निरोप सांग. केमिस्ट्री म्हणजे उतरणं? कॅरोथर्सचं साधं समीकरण तिच्यासमोर ठेव. दोन टोकं जोडत जोडत साखळी बनवायची असेल तर सरासरी लांबी म्हणजे 1 भागिले उरलेल्या टोकांचं प्रमाण. साध्या केमिस्ट्रीत 95 टक्के रिअॅक्शन झाली तर लोक पेढे वाटतात. इथे 95 टक्के म्हणजे साखळीत सरासरी 20 कड्या, ते चिकट तेल झालं, धागा नाही. 99 टक्के म्हणजे 100. 99.9 म्हणजे 1000. शेवटच्या त्या एका टक्क्यासाठी माणूस पाण्याचा शेवटचा अंश उकरून काढत बसतो, मोजताना एका बाजूचं रसायन जरासं जास्त पडलं तरी साखळी आखूडच राहते. रॅडिकलवाली केमिस्ट्री असेल तर ऑक्सिजन, तो आत शिरला की झालंच, गोठवा, व्हॅक्युम लावा, वितळवा, परत गोठवा. ज्या फ्लोरीचं गणित वर सांगितलं तो केमिस्टच होता, 1934 साली ड्यूपाँमध्ये याच कॅरोथर्सच्या हाताखाली लागला, त्याला 1974 चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. द जेन्स आधी चुंबक, सुपरकंडक्टर आणि लिक्विड क्रिस्टलवाला, त्याला 1991 चं मिळालं ते फिजिक्सचं. काम एकाच साखळीवर. उतरणं-चढणं कुठे आहे यात ते मैत्रिणीने मला दाखवावं.

पण खरं सांगू का, तू ज्याला तीन रस्ते म्हणतेस ते तीन रस्ते नाहीतच असं मला वाटतं, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुझ्या स्लाइडवरच होतं. ती घडी. 1920 साली श्टाउडिंगर हा जर्मन केमिस्ट म्हणाला की रबर वगैरे म्हणजे हजारो अणूंच्या खऱ्याखुऱ्या लांब साखळ्या आहेत, तर त्याच्याच केमिस्ट सहकाऱ्यांना ते पटेना, नोबेल यायला 1953 उजाडलं. त्याच वर्षी झीग्लरने असा कॅटॅलिस्ट काढला की पॉलिथिलिनची साखळी सरळ, फांद्या नसलेली मिळायला लागली. असा सरळ माल हातात आल्यावर 1957 साली केलर, आणि वेगवेगळे काम करणारे टिल आणि फिशर, यांनी तो अगदी पातळ द्रावणातून वाढवला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले चौकटच्या पानासारखे चपटे क्रिस्टल, जाडी जेमतेम 10 नॅनोमीटर. साखळी त्याच्या कित्येक पट लांब, आणि इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन सांगत होतं की साखळ्या चकतीला काटकोनात उभ्या आहेत. 10 नॅनोमीटरच्या खोलीत एवढा लांब बांबू उभा कसा राहील? एकच मार्ग, तो वर जाऊन वळून खाली, परत वळून वर. स्टोर्क्सने 1938 सालीच गट्टापर्चाच्या (रबरासारखा झाडाचा चीक) पातळ फिल्म बघून हे सुचवलं होतं, कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग फ्लोरी अडून बसला की साखळी इतक्या शिस्तीत शेजारीच वळून परत आत जाते हे मला मान्य नाही, ती जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या वायरींसारखी कुठूनही बाहेर पडून कुठेही आत शिरत असणार. 1962 ला म्हणाला आणि 1979 ला केंब्रिजमध्ये फॅरेडे डिस्कशन नावाच्या परिषदेला सगळे जमले तेव्हाही म्हणत होता. आणि घडी इतक्याच जाडीची का, यावर लॉरिट्झन आणि हॉफमन यांची 1960 ची थिअरी आहे, ती अजून शिकवतात आणि तिच्यावर अजून भांडतात. बघ आता, केमिस्टने साखळी सरळ केली नसती तर क्रिस्टल वाढला नसता, क्रिस्टल वाढवणाऱ्याने तो इतका पातळ बघितला नसता तर थिअरीवाल्याला प्रश्नच पडला नसता. यात कोण वरचा आणि कोण खालचा?

क्रिस्टल ग्रोथबद्दल मी आता बोलते पण मी त्या बाजूची आहे हे लक्षात ठेवून वाच. या विषयातलं मला सगळ्यात आवडतं ते फ्रँकचं 1949 चं काम. तेव्हाची थिअरी सांगायची की क्रिस्टलचा एक थर पूर्ण झाला की नवा थर सुरू व्हायला त्या सपाट पृष्ठभागावर आधी एक छोटं बेट जमावं लागतं, आणि त्यासाठी बऱ्याच टक्के सुपरसॅच्युरेशन हवं, काही हिशोबात तर 50 टक्क्यांपर्यंत. पण फोल्मर आणि शुल्ट्झे यांनी 1931 ला आयोडीनचे क्रिस्टल वाफेतून वाढवले होते ते एका टक्क्याला वाढत होते. 50 आणि 1, हा काही मोजणीतला फरक नव्हे. फ्रँक म्हणाला की खरा क्रिस्टल परफेक्ट नसतोच, त्यात स्क्रू डिसलोकेशन असतं, म्हणजे थर गोल जिन्यासारखे एकमेकांत गुंफलेले, आणि अशा पृष्ठभागावर एक पायरी कायमच उघडी असते, अणू येतात, तिला चिकटतात, पायरी गोल फिरते आणि कधी संपतच नाही. दोष आहे म्हणून वाढ आहे. आणि मग लोकांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बेरिलच्या क्रिस्टलवर खरंच त्या गोल पायऱ्या होत्या, आधीपासून होत्या. हा फ्रँक मूळचा शिकलेला केमिस्ट, काम ब्रिस्टलच्या फिजिक्स विभागात, आणि केलरही तिथेच आला. मैत्रिणीला हेही सांग.

पण रोजचं काम असं नसतं. रोजचं काम म्हणजे वाट बघणं. माझा बुडालेला क्रिस्टल सांगायचा राहिला. अकरा आठवडे वाढवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, इतका स्वच्छ की पाण्यात दिसायचा नाही, फक्त कडा दिसायच्या. एका शनिवारी बाथच्या (द्रावण एका तापमानाला ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) थर्मोस्टॅटचा रिले चिकटला, हीटर चालूच राहिला, सोमवारी सकाळी दोऱ्याला रिकामा फास लटकत होता. मी रडले, मग दोरा तपासला, मग दुसरा थर्मोस्टॅट सीरिजमध्ये जोडला जो एका तापमानाच्या वर सगळंच बंद करेल. तो आजही मी ज्यांना शिकवलं त्यांच्या बाथला असतो. हे सांगण्याचं कारण, इथे अपयश असं असतं, एकदम, मोठं, आणि बऱ्याचदा त्याचं कारण एक दहा ग्रॅमचा पार्ट असतो. पॉलिमर केमिस्ट्रीत अपयश रोज थोडं थोडं येतं, आज लांबी कमी, उद्या लांबी एकसारखी नाही, परवा जेलच झालं. थिअरीत ते महिनोन्महिने येत नाही आणि मग कळतं की ते जानेवारीतच येऊन बसलं होतं. यातला कुठला प्रकार पचतो ते माणसागणिक वेगळं असतं आणि ग्रुप निवडताना लोक हे सोडून बाकी सगळं विचारतात.

आईच्या नोकरीच्या काळजीवर मी जास्त बोलणार नाही, तिची काळजी खोटी नाही पण तिचा हिशोब जुना आहे. सिम्युलेशन करणाऱ्याला कोड आणि स्टॅटिस्टिक्स येतं, ते कुठेही चालतं. पॉलिमरवाल्याला रंगापासून टायरपर्यंत आणि औषधापर्यंत लोक घेतात. आणि क्रिस्टल, तर सेमीकंडक्टरचा धंदा ज्या सिलिकॉनवर उभा आहे तो झोक्राल्स्कीच्या 1916 च्या युक्तीनेच ओढतात, सांगतात की त्याने चुकून पेनाचं टोक शाईऐवजी वितळलेल्या टिनमध्ये बुडवलं आणि वर ओढल्यावर बारीक तार आली. तिला सांग पोट भरेल.

आता पंधरा दिवसांचं. तिन्ही ग्रुपना जा किंवा फोन कर, पण गाईडशी कमी आणि सगळ्यात नवीन विद्यार्थ्याशी जास्त बोल. त्याला "ग्रुप कसा आहे" विचारू नकोस, सगळे छान म्हणतात. विचार की गेल्या तीन महिन्यांत काय फसलं, आणि फसलं तेव्हा कोण जवळ येऊन बसलं. तो जरा गप्प झाला तर ते उत्तर आहे. विचार की मायक्रोस्कोप किंवा कॉम्प्युटरचा क्लस्टर बंद पडला तर किती दिवसांत चालू होतो आणि कोण करतं. शक्य असेल तर कोणाची तरी लॅब नोटबुक बघ, त्यात खाडाखोड असेल आणि "का?" असं समासात लिहिलेलं असेल तर तो ग्रुप चांगला. तुझ्या मागच्या सात महिन्यांत कोणी स्लाइड बघायला आलं नाही, ही चूक तुझी नाही पण पुढच्या पाच वर्षांत ती परत होऊ देणं ही तुझी असेल.

थिअरीच्या ग्रुपसाठी घरीच एक परीक्षा घे. चौकटीच्या कागदावर, मग कॉम्प्युटरवर, अशी चाल काढ जी आधी पाय ठेवलेल्या चौकात परत जात नाही. 20 पावलं, मग 50, सरासरी अंतर काढ आणि घातांक शोध. दोन मितींमध्ये तो 3/4 यायला हवा. तुझा प्रोग्रॅम 50 पावलांपर्यंत बऱ्याचदा अडकेल, चाल स्वतःच्याच कोपऱ्यात जाऊन बसेल, आणि अडकलेल्या चाली टाकून द्यायच्या की मागे घेऊन पुन्हा काढायच्या यावरून उत्तर बदलेल. रात्री दोन वाजता तू त्या प्रश्नावर जागी असशील तर तो ग्रुप घे. वैतागून झोपलीस तर घेऊ नकोस.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, मी तुझ्या जागी असते तर क्रिस्टल ग्रोथचा ग्रुप घेतला असता आणि पहिल्याच दिवशी विचारलं असतं की मला पॉलिमरचे क्रिस्टल वाढवू द्याल का. केमिस्ट्री ग्रुपकडून साखळ्या मागून घेता येतात, थिअरी ग्रुपच्या सेमिनारला मागच्या बाकावर बसता येतं, उलट दिशेने हे थोडं अवघड जातं. पण मी त्या बाजूची आहे हे मी आधीच सांगितलंय, आणि नवीन विद्यार्थी गप्प झाला तर माझं हे मत कचऱ्यात टाक.

कोणालाही होकार कळवायच्या आधी ती एक दुपार मात्र काढ. तेवढंच मीठ, तेवढंच पीइजी, तेच तापमान, जुन्या वहीतलं पान उघडं ठेवून. गढूळ झालं की थेंब स्लाइडवर घे. आणि थर वेगळे झाले की या वेळी हलवू नकोस.